पिळाचा मागोवा: एक शब्द आणि चार ऑनलाइन कोश

शब्दकोशाचे परीक्षण करताना साधारणतः त्यातील नोंदींची संख्या मोजली जाते, संकेतस्थळ किती वेगाने उघडते ते पाहिले जाते आणि जाहिराती डोळ्यांत खुपतात की नाही तेही नोंदवले जाते. या तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण ज्याला एखाद्या शब्दाच्या पोटात शिरायचे आहे त्याच्या पदरात त्यांतून फारसे काही पडत नाही. म्हणून मी वेगळी कसोटी लावली. आपल्या मूळ अर्थापासून बराच दूर गेलेला एकच शब्द हाती घेतला, आणि त्याच्या आयुष्याचे टप्पे ज्या चार कोशांत विखुरलेले आहेत ते चारही कोश त्या एका शब्दापुरते वाचून काढले. अर्थ जिथे वळला ते वळण हा कोश दाखवतो का, एवढाच प्रश्न प्रत्येकाला विचारला.

तो शब्द आहे 'थ्रॉन'. स्कॉटलंडमध्ये तो आजही बोलण्यात आहे. माणसाला लावला तर त्याचा अर्थ हटवादी, आडमुठा, सांगावे त्याच्या उलट करणारा असा होतो. मूळ अर्थ मात्र 'पिळलेला' एवढाच. मराठी वाचकाला ही उडी समजावून सांगावी लागत नाही, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, तोच हा माणूस. गंमत अशी की इंग्रजीतील 'थ्रो' या क्रियापदाचे 'फेकलेला' या अर्थाचे 'थ्रोन' हे रूप आणि स्कॉटलंडमधील हा 'थ्रॉन' हे मुळात एकाच धातूचे एकच रूप आहे. पीळ आणि फेक यांचा संबंध काय, हे ज्या कोशातून कळेल तो चांगला कोश, असे मी मनाशी धरले होते.

सुरुवात अर्थातच सर्वांत जुन्या थरापासून, म्हणजे 'बॉसवर्थ-टॉलर' या जुन्या इंग्रजीच्या, म्हणजे साधारण ११००पूर्वीच्या इंग्रजीच्या, कोशापासून करावी लागते. जोसेफ बॉसवर्थ यांचा पहिला कोश १८३८चा आहे. त्यांच्या पश्चात टी. नॉर्थकोट टॉलर यांनी वाढवून सिद्ध केलेला मोठा खंड १८९८मध्ये पूर्ण झाला आणि त्याची पुरवणी १९२१मध्ये आली. हा सगळा ऐवज प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाने संगणकावर आणून विनामूल्य खुला केला आहे. इथे 'थ्रावन' हे क्रियापद भेटते ते पिळणे, वळवणे, वळणे या अर्थांनी. त्याचे भूतकाळी रूप 'थ्रेओव' आणि कर्मणी धातुसाधित 'थ्रावेन' असे आहे, आणि हे 'थ्रावेन' म्हणजेच आपला नायक. फेकण्यासाठी त्या काळी 'वेअर्पन' हा निराळा शब्द होता. धागा या अर्थाचा 'थ्रेड' हाही 'थ्रावन'च्याच घरातला, कारण पीळ दिल्याशिवाय धागा होत नाही. जर्मनमधील 'ड्रेहेन', म्हणजे फिरवणे, हे त्याचे सख्खे भावंड आहे.

कोश म्हणून बॉसवर्थ-टॉलरची ताकद अवतरणांत आहे आणि दुबळेपणाही अवतरणांतच आहे. प्रत्येक अर्थाखाली जुन्या ग्रंथांतील वाक्ये दिलेली आहेत, पण त्यांच्यापुढे साल नाही. ग्रंथनामाचा अतिसंक्षिप्त खुणेचा शब्द तेवढा असतो, आणि तो कोणत्या शतकातला हे वाचकाला आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. मुख्य खंडातील नोंद आणि पुरवणीतील नोंद या स्वतंत्र आहेत, त्यामुळे एक वाचून थांबणारा वाचक अर्ध्या माहितीवर घरी जातो. व्याख्यांची इंग्रजी व्हिक्टोरियन वळणाची आहे आणि मधूनमधून लॅटिनही डोकावते. एवढे असूनही पर्याय नाही. टोरोंटो विद्यापीठात जुन्या इंग्रजीचा नवा आणि कितीतरी शिस्तशीर कोश तयार होत आहे, पण तो वर्णक्रमाने प्रसिद्ध होत असल्यामुळे 'थ' या ध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'थॉर्न' या शेवटाकडच्या जुन्या अक्षरापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

दुसरा मुक्काम मिशिगन विद्यापीठाच्या मध्यकालीन इंग्रजी कोशाचा. १९३०मध्ये तिथे सुरू झालेले हे काम २००१मध्ये पूर्ण झाले, आणि साधारण ११०० ते १५०० या चार शतकांतील इंग्रजीचा असा पंचनामा दुसरीकडे कुठेही मिळत नाही. हाही विनामूल्य आहे. आपल्या शब्दाच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घडामोड याच काळात घडते. साधारण १३००च्या सुमारास पिळण्या-फिरवण्याचे हे क्रियापद फेकण्यासाठी वापरले जाऊ लागले. फेकण्यापूर्वी वस्तू गरगर फिरवली जाते, आणि त्या फिरवण्यावरून पुढे सोडण्यालाच तो शब्द चिकटला असावा, असा तर्क व्युत्पत्तिकार करतात. गोफण फिरवणारा हात ज्याने एकदा पाहिला आहे त्याला हा तर्क पटायला वेळ लागत नाही.

पण खरी मौज पुढे आहे. फेकण्याचे जुने क्रियापद 'वेअर्पन' इंग्रजीतून गेले नाही. ते 'वॉर्प' या रूपात राहिले. फेकण्याचे काम आधी नॉर्स भाषेतून आलेल्या 'कास्ट'ने आणि मग 'थ्रो'ने बळकावल्यावर हा बिचारा 'वॉर्प' लाकूड वाकणे, पिळवटणे, आकार बिघडणे या अर्थाकडे सरकला. म्हणजे ज्याचा अर्थ पिळणे होता तो फेकू लागला आणि ज्याचा अर्थ फेकणे होता तो पिळवटू लागला. दोन शेजाऱ्यांनी कुणाला न सांगता घरांची अदलाबदल करावी, तसा हा प्रकार आहे.

ही अदलाबदल मिशिगनचा कोश दाखवतो, मात्र सांगत नाही. अवतरणे भरपूर आहेत, त्यांच्यापुढे हस्तलिखिताचे आणि रचनेचे साल काळजीपूर्वक दिलेले आहे, त्यामुळे दोन नोंदी शेजारी ठेवून वाचणाऱ्याला सगळे चित्र आपोआप दिसू लागते. व्युत्पत्तीचा भाग मात्र एखाद-दुसऱ्या ओळीत उरकलेला असतो, आणि एका अर्थातून दुसरा कसा निघाला याविषयी संपादक तोंड उघडत नाहीत. शिवाय मुख्य शब्द मध्यकालीन वर्णलेखनानुसार लावलेले आहेत आणि त्या काळी एकच शब्द लेखनिकागणिक वेगळा लिहिला जाई. शोधताना पर्यायी वर्णलेखनांसह शोधण्याची सोय निवडली नाही, तर हवा असलेला शब्द कोशात नाहीच असा समज करून घेऊन परत फिरण्याची वेळ येते. नवख्या वाचकाने ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ त्रास वाचेल.

तिसरा अर्थातच ऑक्सफर्डचा महाकोश. १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, १८८४मध्ये पहिला भाग छापून आला, १९२८मध्ये पहिली आवृत्ती पुरी झाली, १९८९मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली आणि २०००पासून तो महाजालावर आहे. तिसऱ्या आवृत्तीचे काम अजून चालूच आहे. आपल्या शब्दाच्या दृष्टीने एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. 'टी' हे अक्षर मुख्य संपादक जेम्स मरी यांनी स्वतःकडे ठेवले होते आणि १९१५मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते त्याच अक्षरावर काम करत होते. मरी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील डेनहोम गावचे. त्या भागातील बोलीवर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ १८७३मध्ये प्रसिद्ध झालेला होता. 'थ्रॉन' हा शब्द त्यांना टिपणांच्या चिठ्ठ्यांतून भेटण्याच्या कितीतरी आधी कानांवरून गेलेला असणार.

हा कोश ऐतिहासिक क्रमाने चालतो, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी आणि सर्वांत प्रचलित अर्थ, तो कितीही ठळक असला तरी, त्याच्या वयाप्रमाणे नंतर. त्यामुळे 'थ्रो'ची नोंद उघडली की वाचकाला प्रथम पीळ भेटतो आणि फेक मागाहून येते. हा क्रम लावण्याचा निर्णय मला या कोशाचे सर्वांत मोठे बलस्थान वाटतो. याच क्रमामुळे दोन अशा व्यवसायांची परिभाषा उलगडते, जिची आजच्या इंग्रजी माणसाला चुकीची फोड सहज सुचते. कुंभार चाकावर भांडे घडवतो त्याला इंग्रजीत 'थ्रो' म्हणतात. मातीचा गोळा चाकावर आपटला जातो म्हणून हा शब्द आला असेल असे वाटते, पण तो चाकाच्या फिरण्यातला जुना 'थ्रो' आहे. रेशमाच्या तंतूंना पीळ देऊन त्यांचे सूत करण्याला 'थ्रोइंग' आणि ते करणाऱ्याला 'थ्रोस्टर' म्हणतात. डर्बी येथे डरवेंट नदीच्या पाण्यावर चालणारी लोंब बंधूंची गिरणी १७२१मध्ये उभी राहिली आणि इंग्लंडच्या कारखानदारीच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते. ती नेमकी याच कामाची, रेशमाला पीळ देण्याची, गिरणी होती. सर्वसामान्य बोलीतून गेलेला अर्थ कारागिरांनी हातात धरून ठेवला, हे पाहायला ऑक्सफर्डसारखा दुसरा कोश नाही.

या कोशाला जोडलेला ऐतिहासिक पर्यायकोश ही तर स्वतंत्र मेजवानी आहे. ग्लासगो विद्यापीठात १९६५मध्ये सुरू झालेले हे काम २००९मध्ये ग्रंथरूपाने आले. यात शब्दावरून अर्थाकडे जायचे नसते. अर्थ निवडायचा आणि त्या अर्थासाठी इंग्रजीने कोणत्या काळी कोणते शब्द वापरले ते क्रमाने पाहायचे. 'पिळलेला, वाकडा' या कप्प्यात शिरले की पिळाचे दुसरे मोठे घराणे समोर येते, ज्याच्या नावांच्या आरंभी 'डब्ल्यू' आणि 'आर' ही अक्षरे जोडीने येतात. मुरगळणे, पिळवटणे, सुरकुती, मनगट, फुलांचे वेटोळे यांचे इंग्रजी शब्द याच जोडीने सुरू होतात, आणि चुकीचे या अर्थाचा 'राँग'ही. 'राँग' म्हणजे मुळात वाकडा, तर 'राइट' म्हणजे मुळात सरळ. आपल्या 'ऋजू'चा तो दूरचा नातलग. जॉन वॉलिस यांनी १६५३च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात या अक्षरजोडीच्या वाकडेपणावर बोट ठेवले होते. याच घराण्यातील 'राय' हा शब्द आज बहुधा तिरकस हसण्यापुरता उरला आहे. देवनागरीत लिहिला की तो एखाद्या सरदाराचे आडनाव वाटतो, कारण उच्चारातून गेलेला 'डब्ल्यू' आपल्या लिपीत उतरत नाही आणि घराण्याची खूण तेवढीच होती.

ऑक्सफर्डविषयी तक्रार करायची तर दोन गोष्टींची करता येईल. संपूर्ण नोंद वाचण्यासाठी वर्गणी भरावी लागते. ब्रिटनमधील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सदस्यांना ती आपल्या ओळखपत्रावर पाहता येते, इतरांना विद्यापीठाचा आधार शोधावा लागतो. दुसरे असे की, पुनर्संपादन पुरे झालेले नसल्याने काही नोंदी अद्ययावत आहेत तर काहींचा मूळ मजकूर शंभर वर्षांपूर्वीचा आहे. प्रत्येक नोंदीपाशी तिच्या संपादनाचा काळ दिलेला असतो, तो पाहिल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये. 'थ्रॉन'पुरते बोलायचे तर ऑक्सफर्ड त्याला आपल्या घरात जागा देतो, पण ती पाहुण्याची जागा आहे. स्कॉटिश आणि उत्तरेकडचा असा शिक्का मारून त्याची थोडक्यात बोळवण होते. इंग्रजीच्या कोशाने यापेक्षा जास्त करावे अशी अपेक्षाही नाही.

म्हणून चौथा कोश, स्कॉट्सचा, म्हणजे स्कॉटलंडमधील इंग्रजीच्या भावंड-भाषेचा. 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' या नावाने २००४पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या संकेतस्थळात दोन मोठे छापील कोश एकत्र आले आहेत. एक, आरंभापासून १७००पर्यंतच्या जुन्या स्कॉट्सचा बारा खंडांचा कोश, जो १९३१ ते २००२ असा सत्तर वर्षे छापला जात होता. दुसरा, १७००नंतरच्या स्कॉट्सचा दहा खंडांचा कोश, १९३१ ते १९७६. प्रत्येक कालखंडाला त्याचा स्वतंत्र कोश हवा, ही कल्पना ऑक्सफर्डचेच एक संपादक विल्यम क्रेगी यांनी १९१९मध्ये मांडली होती. ते डंडीचे. शोधाच्या चौकटीत एकदा शब्द घातला की दोन्ही कोशांतील नोंदी शेजारी येतात, आणि १७००च्या अलीकडे-पलीकडे शब्दाचे काय झाले ते सलग वाचता येते.

इथे प्रथम ध्वनीचा उलगडा होतो. जुन्या इंग्रजीतील दीर्घ 'आ' दक्षिणेत 'ओ'कडे गेला आणि उत्तरेत गेला नाही. म्हणून बर्फ इंग्रजीत 'स्नो' आणि स्कॉट्समध्ये 'स्नॉ', वारा वाहणे इंग्रजीत 'ब्लो' आणि स्कॉट्समध्ये 'ब्लॉ', तसेच 'थ्रो' आणि 'थ्रॉ'. दक्षिणेने शब्दाचा स्वरही बदलला आणि अर्थही. उत्तरेने दोन्ही बऱ्याच अंशी जपले.

मग अर्थांची रांग सुरू होते आणि मराठी वाचक सुखावतो. कोंबडीची मान मुरगळणे हा 'थ्रॉ', चालताना घोटा मुरगळणे हाही 'थ्रॉ'. आपले मुरगळणेही या दोन्ही कामांना चालते, हे त्या कोशकारांना कुणी सांगितले असते तर त्यांनी नक्की टिपून घेतले असते. कुलपात किल्ली फिरवणे हा 'थ्रॉ'. गवताची किंवा पेंढ्याची दोरी वळण्यासाठी आकडीचे जे हत्यार असते, ते 'थ्रॉ-क्रुक': एकाने आकडी फिरवायची आणि दुसऱ्याने मुठीमुठीने पेंढा पुरवायचा. मरणाच्या वेळी देहाला बसणारे आळोखेपिळोखे ते 'डीड-थ्रॉ'. गाठी पडलेले वेडेवाकडे झाड 'थ्रॉन', आणि धड पडेना धड उघडेना अशी त्रासदायक हवासुद्धा 'थ्रॉन'.

यातले मला सर्वांत मोलाचे वाटले ते तोंडाविषयीचे प्रयोग. तोंड 'थ्रॉ' करणे म्हणजे वाकडे करणे, आणि 'थ्रॉन-गॅबिट' म्हणजे वाकड्या तोंडाचा, पर्यायाने सदा कुरकुरणारा. पिळलेल्या दोरीपासून हट्टी माणसापर्यंतचा पूल माझ्या मते इथे आहे. शरीराचा पीळ आधी चेहऱ्यावर चढला, नापसंतीने वाकडे झालेले तोंड लोकांनी पाहिले, आणि मग तो शब्द तोंडावरून स्वभावावर गेला. कोशकार असे कुठेही लिहीत नाहीत. पण अर्थ कोणत्या क्रमाने मांडायचे आणि कोणत्या अर्थाखाली कोणते अवतरण ठेवायचे हे त्यांनी इतक्या विचाराने ठरवले आहे की, वाचणाऱ्याला पूल आपला आपण ओलांडता येतो. कसोटीचा प्रश्न मी याच उत्तरासाठी विचारला होता.

आणखी एक गोष्ट या कोशाला इतर तिघांहून वेगळी करते. प्रत्येक अवतरणापुढे सालाबरोबर परगण्याची खूण असते: ॲबर्डीन, अँगस, एअर वगैरे. त्यामुळे एखादा अर्थ केवळ ईशान्येच्या शेतकऱ्यांत होता की सीमेपर्यंत पसरला होता, याचा अंदाज घेता येतो. उणीव सांगायची तर पुरावा मोठ्या प्रमाणावर छापील साहित्यातून आणि त्यातही ग्रामीण जीवनातून आलेला आहे. शहरातल्या आजच्या बोलण्यात हा शब्द कसा वावरतो ते त्या मानाने कमी दिसते. नोंदी लांबलचक आहेत, संक्षेप दाट आहेत, आणि पहिल्या बैठकीत डोळे दमतात.

खिशातल्या कोशांचा उल्लेख एका वाक्यात पुरे: त्यांत 'थ्रॉन' सापडलाच तर 'हट्टी' एवढ्यावर भागवलेले असते. तेवढ्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची १८८१मध्ये प्रसिद्ध झालेली 'थ्रॉन जॅनेट' ही स्कॉट्स बोलीतली भयकथा अशा कोशाच्या भरवशावर हाती घेणारा वाचक हट्टी बाईची गोष्ट वाचायला बसतो, आणि कथेत तर फाशी दिलेल्या देहासारखी मान मुरगळलेली म्हातारी समोर येते. तिथे शब्द आपल्या सर्वांत जुन्या, शारीरिक अर्थाने उभा आहे आणि भीती सगळी त्या अर्थातच आहे.

निवड करायचीच असेल तर माझी पसंती स्कॉट्सच्या कोशाला आहे, आणि तो फुकट मिळतो म्हणून नव्हे. ज्यांना ग्रंथालयातून ऑक्सफर्ड उघडता येतो त्यांनी त्याच्या पर्यायकोशापासून सुरुवात करावी, मग स्कॉट्सकडे यावे, आणि जुन्या दोन कोशांकडे शंका उरली तरच वळावे. काळाच्या क्रमाने जाण्याचा माझा मार्ग परीक्षणासाठी ठीक होता, पण आनंदासाठी वाचणाऱ्याला तो पहिल्याच मुक्कामावर थकवील. आणि स्कॉट्सच्या कोशात शिरलात तर 'हीड्स अँड थ्रॉज' ही नोंद चुकवू नका. एकाच अंथरुणावर पुष्कळ माणसे निजवायची झाल्यास एकाचे डोके उशाशी आणि शेजारच्याचे पायथ्याशी अशी जी उलटसुलट मांडणी करतात, तिला तिकडे हे नाव आहे.